चाक खोटं बोलत नाही

गावात कुणाचे डोळे चांगले असतात, कुणाचा हात चांगला असतो. माझे कान चांगले आहेत. आई म्हणायची, मुंजाजीला तव्यावरची भाकरी फुगलेली ऐकू येते. पुढे दात गेले, गुडघे गेले, हे मेले कान तेवढे राहिले. आमच्या बोरी गावच्या पारावर बसून परभणीच्या सडकेनं कोण येतंय ते मी न बघता सांगायचो. ही अमक्याची गाडी, हिच्या चाकाची लोखंडी धाव ढिली झालीय. हा टांगा रिकामा आहे. लोक पैजा लावायचे आणि हरायचे. मला त्याचा माज होता. तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

चंद्रभान माझा व्याही. परभणीच्या एका जिनिंग फॅक्टरीची कापसाची लॉरी चालवायचा. दिवाळी झाली की होळीपर्यंत त्याच्या बोरीला खेपा असायच्या. त्याची एकुलती एक पोर कावेरी आमच्या भुजंगला दिलेली. तिची आई लहानपणीच गेली होती, त्यामुळे माहेर म्हणावं असं तिला काही नव्हतं. तिचं माहेर म्हणजे ती मोटार. गावाच्या शिवेवर आला की चंद्रभान रबरी भोंगा वाजवायचा, दोन लांब आणि एक आखूड. कावेरी हातातलं पीठ तसंच घेऊन सडकेला पळायची. तो खाली उतरायचा नाही. खिडकीतून बत्ताशाची पुडी द्यायचा, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि निघायचा. मी त्याला चिडवायचो की व्याहीबुवा, आम्हालाही एखादी पुडी आणा, आम्ही पोर सांभाळतोय. तो म्हणायचा, तुम्हाला दात कुठं आहेत.

त्याच्या मोटारीचा मला कधी आवाज म्हणून यायचा नाही. टायर झिजून झिजून अगदी गुळगुळीत झालेले. नवीन मिळत नव्हते. आधी लढाई होती म्हणून मिळाले नाहीत, मग लढाई संपली तर सरहद्दीवरून माल येणं बंद झालं. ठिगळावर ठिगळ लावून तो चालवायचा. खडीच्या सडकेवरून ती मोटार यायची ती ओल्या फडक्यानं ओटा पुसल्यासारखी, नुसती फसफस. इंजिनाची धडधड जवळ आल्यावर कळायची, तोपर्यंत भोंगा वाजलेलाच असायचा.

त्या साली दसऱ्यानंतर आमच्याकडे झोप राहिली नाही. रझाकारांच्या लॉऱ्या कुठल्या कुठल्या गावांत शिरल्याच्या बातम्या येत होत्या. खरं किती, तिखटमीठ किती, ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. पण भिण्यासाठी अर्धं खरंही पुरतं. भुजंग चार पोरांबरोबर रझाकारांशी लढायला सरहद्दीपलीकडच्या छावणीत निघून गेला. घरात मी, माझी बायको कडूबाई आणि कावेरी. तिला तेव्हा पाचवा महिना होता.

चंद्रभान पुढच्या खेपेला आला तेव्हा पहिल्यांदाच खाली उतरला. मला हाताला धरून सडकेच्या मोरीपाशी नेलं. पाणी जायला सडकेखालून दगडी बोगदा आहे, त्यात डोकं घालायला लावलं. म्हणाला, काय ऐकू येतं? मी म्हणालो, एक गाडी, लांब, बैल दमलेत. तो म्हणाला की इथं बसत जा. वरून दिसेल त्याच्या कितीतरी आधी इथं ऐकू येईल. मग त्यानं मला शिकवलं. ते शब्द मला पाठ आहेत.

"त्यांच्या लॉऱ्यांना फौजी टायर असतेत, दातेरी. सडकेवर घुमत येतेत. मह्या टायरला दातच न्हाईत, ते घुमायचं न्हाई. घुमलं की बघायला थांबू नका. डबा वाजवा अन् सगळा गाव ज्वारीत घाला."

मी म्हणालो, आणि तुम्हीच असाल तर? भोंग्यावरून तर कळेलच.

"भोंग्यावर जाऊ नका, मुंजाजीराव. उद्या मोटार हिसकावून घेतली तर भोंगा कुणीबी वाजवील. चाक खोटं बोलत न्हाई."

गावाला हे पटलं. मोरीजवळ माझ्यासाठी घोंगडं टाकलं, घासलेटचा रिकामा डबा आणि टिपरू दिलं. मार्गशीर्षात एकदा मला दुपारी घुमारा ऐकू आला. मी डबा बडवला. गाव पोराबाळांसकट ज्वारीत गेला. शाळू तेव्हा माणसाच्या वर उंच होता. तीन लॉऱ्या आल्या, घुमत घुमत गावावरून गेल्या, थांबल्या नाहीत. पण त्या आल्या होत्या हे सगळ्यांनी बघितलं. त्या दिवसापासून माझ्या शब्दाला सरकारी हुकमापेक्षा जास्त किंमत आली. पाटलानं मला पागोटं बांधलं. मी ते बांधून मोरीपाशी बसायचो.

आता पुढचं मला मागाहून कळलं, चंद्रभाननंच सांगितलं, पण ते इथंच सांगायला हवं.

पौष लागला तेव्हा त्याच्या मोटारीचे मागचे दोन्ही टायर एकाच दिवशी फाटले. मालकानं हैदराबादेकडून लढाईतला उरलेला माल मिळवला. मागितले दोन, आले चार. आंधळा मागतो एक डोळा, तशी गत. टायर दिसायला नांगरलेल्या शेतासारखे, बोटभर खोल चरे आणि मोठमोठे ठोकळे. मोटारीच्या मिस्त्रीनं त्यावर हात फिरवला आणि हसला. म्हणाला, "ये तो बरफ के मुलुक का टायर हाय. यहाँ की सडक पे रोता रहेंगा."

चंद्रभानला बर्फ ठाऊक नव्हतं आणि रडण्याचं काही वाटलं नाही. पण मिस्त्री खरं बोलला. तिकडच्या थंडीत भुसभुशीत बर्फ धरून ठेवायला केलेले ते ठोकळे आमच्या कोरड्या खडीवर आपटत चालायचे. हळू चालली तर गुरगुर, जोरात घेतलं की एकसुरी घुमारा, कानाच्या पडद्याला धरून राहणारा. स्टिअरिंगचं चक्र हातात थरथरायचं. ब्रेक दाबला की मोटार दोन हात पुढं जाऊन थांबायची. पण चिखलात मात्र बैलांनी हात जोडावेत अशी चालायची. पूर्वी सडक सोडून काळ्या रानात चाक घातलं की रुतलं, आता शेतातून कापूस भरून आरामात वर यायची. मालक खूश. आठ दिवस त्यानं ताडकळसच्या बाजूला खेपा केल्या. पहिल्या दिवशी त्याचं डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी कमी दुखलं. चौथ्या दिवशी त्याला तो आवाज येईनासा झाला. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, त्यातलाच प्रकार. बोरीकडे तो त्या आठ दिवसांत फिरकला नव्हता.

कावेरीला सातवा सरत आला होता. दिवस भरले नव्हते, पण पौषातल्या एका संध्याकाळी अचानक कळा सुरू झाल्या. रात्र गेली. सुईण हात लावून बाहेर आली आणि कडूबाईला म्हणाली की पोर आडवं आहे, माझ्यानं व्हायचं नाही, परभणीच्या दवाखान्यात न्या. बैलगाडीचं नावच नको होतं. दोन दिवस आधी अवकाळी पाऊस पडून गेलेला, आठ कोस जायला गाडीला संध्याकाळ झाली असती आणि धक्क्यानं कावेरी वाटेतच गेली असती. मोटार हवी होती. उजाडायच्या आत लिंबाजी नावाचा आमचा भावकीतला गडी सायकल घेऊन निघाला. चंद्रभानला म्हणावं, बाकी सगळं टाकून ये.

आम्ही कावेरीला बाजेवर घातलं, वर गोधड्या टाकल्या आणि बाज सडकेच्या कडेला निंबाखाली आणून ठेवली, म्हणजे मोटार आली की उचलायची आणि ठेवायची. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. कळ आली की ती माझ्या बायकोचं मनगट धरायची, ओरडायची नाही. कळ गेली की विचारायची, आलं का. मी मोरीत डोकं घालून बसलो होतो. उभ्या जन्मात मी इतकं कान देऊन काही ऐकलं नसेल. मला ती फसफस हवी होती. देवाला म्हणालो, बाकी सगळे आवाज ने, तेवढा एक दे.

लिंबाजी परभणीला पोहोचला. निरोप दिला आणि फॅक्टरीच्या ओट्यावरच आडवा झाला. आठ कोस चिखलातून सायकल मारलेली, त्याला भडाभडा उलट्या सुरू झाल्या. त्याला तिथंच सोडून चंद्रभान दवाखान्यात गेला. तिथल्या नर्सबाईच्या पाया पडून तिला पिशवीसकट मोटारीत बसवलं. त्यानं मोटार जितकी पळेल तितकी पळवली. म्हणजे ती जितकी घुमेल तितकी घुमली.

सूर्य डोक्यावरून कलला होता. मोरीत आवाज आला. आधी मला वाटलं, माझंच रक्त कानात वाजतंय. मग तो वाढला. एकसुरी, जाड, न थांबणारा घुमारा. मार्गशीर्षात ऐकला होता तसाच, पण त्याहून वेगात. मी डोकं बाहेर काढलं तेव्हा कडूबाई माझ्याकडे बघत होती. तिनं माझं तोंड बघितलं आणि विचारलं नाही.

मी डबा बडवला.

गावाला सवय झालेली. चुली तशाच टाकून माणसं निघाली. चौघांनी कावेरीची बाज खांद्यावर घेतली. मी म्हणालो, हळू. पण हळू कसं चालणार? ओल्या काळ्या रानात घोटाभर पाय जात होते, बाज एकदा इकडं कलायची, एकदा तिकडं. पहिल्या बांधाला ती पहिल्यांदा ओरडली. आम्ही ज्वारीत शिरलो. कणसं तोंडावर आपटत होती, पुढचं काही दिसत नव्हतं. दोन शेतं आत जाऊन बाज खाली ठेवली. गोधडीच्या खालून काहीतरी ठिबकत होतं. सुईणीनं गोधडी उचलून बघितलं आणि परत टाकली.

घुमारा गावापाशी येऊन थांबला. मार्गशीर्षात तो थांबला नव्हता. आता थांबला, म्हणजे ते गावात शिरले. बायका देवाचं नाव घेऊ लागल्या. मी त्यांना हातानं गप्प केलं.

आणि भोंगा वाजला. दोन लांब, एक आखूड.

कावेरीनं डोळे उघडले. आदल्या रात्रीपासून तिच्या चेहऱ्यावर जे नव्हतं ते तेज आलं. ती कोपरावर उठायला लागली.

"मामा, बापू हायत. बापूचा भोंगा हाय."

मी तिला सांगितलं की पोरी, भोंगा कुणीही वाजवतो. चाक ऐकलंस का. हे चाक तुझ्या बापूचं नाही. त्यांनी त्याची मोटार धरली असंल, त्याच्या पाठीला बंदूक लावून आणला असंल. मला ते सांगताना शंका आली नाही. एवढीशी आली असती तरी मी आज जरा बरा झोपलो असतो. मला माझ्या कानांचा गर्व होता आणि ते शिकवणारा तिचा बापच होता.

भोंगा पुन्हा वाजला. पुन्हा. पुन्हा. कावेरी म्हणाली, "बापू हायत, मला नेयाला आलेत, मला सडकंला न्या." तिचा आवाज चढला. ती बापू म्हणून हाक मारायला लागली. ज्वारीत सगळा गाव होता, तान्ही पोरं होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

माझा हात मोठा आहे. तिचे ओठ गरम होते आणि माझ्या तळव्याखाली ते हलत होते. कडूबाई बघत होती.

मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. मोटार सडक सोडून रानात उतरली. चंद्रभानची मोटार त्या चिखलात एक पाऊल टाकू शकली नसती, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. ही मोटार बांध चढत, चिखल उडवत, ज्वारी मोडत आमच्या पायखुणांवरून येत होती. राहिलीसाहिली शंका गावाची फिटली. लोक उठले आणि आणखी आत पळाले. आम्ही पुन्हा बाज उचलली. पुढं ओढा होता. ओढ्यात उतरताना एकाचा पाय सरकला आणि बाजेचं एक टोक खाली आदळलं. कावेरी ओरडली नाही. पलीकडच्या काठावर बाज ठेवली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर हात ठेवायची गरज उरली नव्हती.

ओढ्याच्या काठाला मोटार थांबली. इंजिन बंद झालं. तेव्हा कुठं माणसाचा आवाज आला. चिरकलेला, थकलेला, कितीतरी वेळ तेच तेच हाका मारून फाटलेला. "कावेरी" म्हणत होता. मघापासून म्हणत असणार. टायरच्या आणि इंजिनाच्या आवाजाखाली तो कुणालाच ऐकू आला नव्हता. माझ्या कानांनासुद्धा नाही.

तो ओढा ओलांडून, ज्वारी दोन्ही हातांनी बाजूला सारत आला. मागं नर्सबाई लुगडं गुडघ्यापर्यंत धरून, पिशवी डोक्यावर घेऊन. तिनं कावेरीचा हात धरला, डोळ्यांत वाकून बघितलं आणि पिशवी न उघडता चिखलात ठेवली. चंद्रभाननं तिला विचारलं नाही. तो बाजेशेजारी बसला. खिशातून बत्ताशाची पुडी काढली. ती भिजून लगदा झाली होती. पुडी त्यानं तिच्या उशाशी ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "घुमलं का हो?"

मी म्हणालो, "घुमलं."

त्यानं मान हलवली. टायर बदलल्याचं त्याला त्या वेळी आठवलं. मला ते त्याच्या मानेवरून दिसलं. ती एकदम खाली गेली.

कावेरीला आणि तिच्या पोटातल्याला आम्ही त्याच मोटारीतून घरी आणलं. ती मोटार गावातून घुमत गेली. लोक दारात उभे होते, कुणी पळालं नाही.

त्या दिवशी, तिला न्यायच्या आधी, त्यानं मला अंगणातल्या तुळशीपाशी गाठलं. त्याला एकच गोष्ट हवी होती. त्यानं ती फार हळू विचारली.

"तिनं भोंगा वळखला व्हता का?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. खरं सांगितलं असतं तर त्याला निदान एवढं कळलं असतं की पोरीनं बापाला ओळखलं, तो येतोय हे समजून तिच्या जिवाला घटकाभर बरं वाटलं. पण त्याच्यापुढं मला माझा हात सांगावा लागला असता. तो हात मी धोतराला पुसत होतो.

"न्हाई," मी म्हणालो. "ती शुद्धीवर नव्हती."

त्यानं ते ऐकलं. म्हणाला, "म्हंजे मह्याच मोटारीला भेऊन गेली ती."

मागे दारात कडूबाई उभी होती. ती आत निघून गेली. आजपर्यंत तिनं त्यावर माझ्याशी एक शब्द काढलेला नाही, आणि त्याच्याशीही नाही. मला वाढते, माझं अंथरूण घालते. माझ्या उजव्या हाताकडे बघत नाही.

चंद्रभाननं मोटार सोडली. मालकानं दुसरा ड्रायव्हर ठेवला, टायर तेच आहेत. मी मोरीपाशी बसणं सोडलं, पागोटं पाटलाच्या घरी नेऊन दिलं. लोक म्हणाले की मुंजाजी, तुझी काय चूक, ऐकलं ते सांगितलंस. बरोबर आहे. ऐकलं ते सगळं मी कुठं सांगितलं, हे त्यांना ठाऊक नाही.

भाद्रपदात राज्य बदललं. फौजेच्या लॉऱ्या आमच्या सडकेनं आल्या, एकामागं एक, मोजता येणार नाहीत इतक्या. सगळ्यांना तेच दातेरी टायर. घुमारा एवढा की पारावरचे दगड हलतायत असं वाटलं. या वेळी गाव सडकेकडे पळाला. बायकांनी ताटं नेली, पोरांनी झेंडूचे हार फेकले. त्यातल्या एका लॉरीतून भुजंगही उतरला. मी त्याच्या गळ्यात पडलो आणि रडलो. लोकांना वाटलं, आनंदानं.

चंद्रभान त्या दिवशी परभणीहून पायी आला होता. हल्ली तो कुठल्याच चाकावर बसत नाही, आठ कोस चालत येतो. आम्ही दोघं निंबाखाली उभे होतो, बाज ठेवली होती त्या जागी. लॉऱ्या समोरून घुमत चालल्या होत्या. त्यानं दोन्ही हातांनी कान गच्च दाबले होते, आणि गर्दीत कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. शेवटची लॉरी गेली तेव्हा त्यानं माझा उजवा हात धरला. म्हाताऱ्याला आधार हवा होता. मग दर खेपेला विचारतो तेच त्यानं विचारलं.

"मुंजाजीराव, तिला येवढं तरी कळलं व्हतं का, की मी आलोय?"

माझा हात त्याच्या हातात होता. सांगायला ती वेळ चांगली होती, त्याहून चांगली पुन्हा येणार नाही.

"न्हाई कळलं," मी म्हणालो, आणि आम्ही घरी जेवायला गेलो.